उंबऱ्याबाहेर ठेवलेला देश

माझी मुलगी जॉर्जियाला डॉक्टरकी शिकायला गेली, तेव्हा आमच्या निम्म्या नातेवाइकांना वाटलं की ती अमेरिकेत गेली. तिकडे त्या नावाचं एक राज्य आहे म्हणे. आम्हीही दुरुस्त करत बसलो नाही. सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकली होती, इथलं खासगी कॉलेज झेपणारं नव्हतं, आणि परभणीतल्या एका एजंटाच्या ऑफिसात भिंतीवर पाच-सहा देशांचे झेंडे लावलेले होते. त्यातला एक आमच्या वाट्याला आला. मी बोरीच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. मिस्टर पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. जॉर्जिया नकाशावर कुठे आहे हे मला माहीत होतं. त्या देशाला काय दुखतंय, हे माहीत नव्हतं.

पहिली दोन वर्षं ती होस्टेलात राहिली. तिथलं जेवण सोसेना, म्हणून मग राजधानीच्या जुन्या भागात एका बाईच्या घरातली खोली तिने भाड्याने घेतली. व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना तिने मोबाइल बाल्कनीकडे वळवला आणि कठड्याला बांधलेला निळा झेंडा दिसला. आम्ही बौद्ध. निळा झेंडा दिसला की डोकं काही विचार करायच्या आधी मन ओळख पटवून मोकळं होतं. मी ओरडलेच, "अगं, ही बाई आपल्यातली हाय का काय?"

मुलगी हसून हसून बेजार. "आई, तो युरोपचा झेंडा हाय. नीट बघ, चक्र न्हाई, तारे हायत."

"मग हा देश युरोपच्या संघात हाय का?" मिस्टरांनी विचारलं.

"जायचंय त्यांना. लय दिवसांपासून थांबलेत."

तेवढ्यात घरमालकीण स्वतःच पडद्यावर आली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. केस आखूड, हात पिठाने भरलेले. मुलगी तिला 'देइदा' म्हणायची, त्यांच्या भाषेत मावशी. मी तिला ताई म्हणाले. तिला वाटलं ते माझं नाव आहे. मग तीही मला ताईच म्हणायला लागली, आणि आम्ही दोघींनी ते कधी बदललं नाही.

रविवारी सकाळी माझं धुणं-भांडं आटोपलं की कॉल व्हायचा. मुलगी मधे बसून इकडचं तिकडे करायची. तिला त्यांची भाषा हळूहळू येऊ लागली होती, मावशीला थोडी इंग्रजी होती, उरलेलं हातवाऱ्यांनी भागायचं. आधी आमचं बोलणं लोणच्याचं, गुडघ्यांचं, पोरांचं. तिला एकच मुलगा होता, शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा, लग्नाचं नाव काढू द्यायचा नाही. नवरा कधीच वारला होता.

तिचं खरं गाव राजधानीत नव्हतं. समुद्राकाठी होतं, जॉर्जियातून फुटून निघालेल्या अबखाझियात. सोव्हिएत देश मोडला त्यानंतर तिथे लढाई झाली, आणि जॉर्जियन लोकांना तो इलाखा सोडून पळावं लागलं. तेव्हा ती विशीत होती. ज्यांना बसगाड्या मिळाल्या नाहीत त्यांनी डोंगर चढायला घेतले. बर्फ पडत होतं. तिची आई बरोबर होती. एका वळणावर आई बसली आणि म्हणाली, तू पुढे हो, मी जरा दम खाऊन येते.

मुलगी इथपर्यंत सांगून थांबली. मी म्हणाले, "मग?"

"मग काही न्हाई आई. ती आलीच न्हाई."

मावशी शांतपणे मटार सोलत होती. तिने फोन उचलून उपग्रहाच्या नकाशात आम्हाला एक छप्पर दाखवलं. ते तिचं घर. मागच्या अंगणात केशरी फळांचं झाड, दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले. कुणाचे, हे तिला माहीत नव्हतं. तिथे आता तिच्या देशाचा शिपाईसुद्धा जाऊ शकत नाही, रशियाची फौज आहे.

एकदा मिस्टरांनी सरळ विचारलं, "त्या संघात जाऊन तुमाला मिळणार काय?"

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाली, आमचा शेजारी फार मोठा आहे. आम्ही एकटे आहोत. एकट्याच्या घरात तो केव्हाही येतो, एकदा आला, पुन्हा आला. माझ्या मावसभावाच्या गावात तर रात्रीतून त्यांच्या फौजेची काटेरी तार पुढे सरकते. त्याचं घर अलीकडे, सफरचंदाची बाग पलीकडे. दार उघडून बघायचं, आज आपला देश कुठपर्यंत आहे. म्हणून आम्हाला मोठ्या घरात जायचंय, जिथे एकाला हात लावला तर सगळे उठतील.

"मग घेत का न्हाईत तुमाला?"

"ते म्हणतात, आधी तुमच्या सरहद्दीचं भांडण मिटवा. कायदे सुधारा. मग बघू."

मिस्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "आसरा मागायला गेलं की म्हणायचं, आधी पाऊस थांबू द्या." हे मुलीने तिला सांगितलं नाही. बरं केलं.

मी तिला धीर द्यायला म्हणून आमची गोष्ट सांगितली. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. बाकी देश स्वतंत्र झाला तरी आम्ही वर्षभर बाहेरच होतो. माझे वडील तेव्हा लहान होते. ते सांगायचे की दिल्लीत झेंडा फडकल्याची खबर चारठाण्याच्या बाजारात लोक एकमेकांना कुजबुजत सांगत होते, मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मग फौज आली, आणि आम्ही सामील झालो. "तुमचंही होईल," मी म्हणाले. "उशीर लागतो."

तिने लक्ष देऊन ऐकलं. मग तिने मुलीला काहीतरी विचारलं आणि मुलगी माझ्याकडे बघू लागली.

"काय म्हणायलीय ती?"

"ती विचारायलीय, सामील झाल्यावर बरं झालं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला शाळेच्या मैदानावर माइकसमोर देते. ते पाठ आहे. मी म्हणाले, "हो. झालं."

मागून मिस्टर म्हणाले, "अर्धं झालं म्हणावं. अर्धंच सांग तिला."

ते बरोबर बोलत होते म्हणून मला राग आला. फौज आली तेव्हा माझ्या आजोबांची वेठ सुटली नाही. पाटलाच्या वाड्यापुढचा रस्ता झाडण्यासाठी त्यांना दुसऱ्या दिवशीही बोलावणं आलं, आणि ते गेले. फौज येऊन गेल्यावर बेकसूर मुसलमानांच्या घरांचं काय झालं, तेही वडील सांगायचे, पण ते मी माइकवर कधी ऐकलेलं नाही. आमच्या घरात सामील होणं म्हणजे दिल्ली नव्हे. आमच्या घरात ते संविधान आल्यावर आणि आम्ही धम्म घेतल्यावर झालं. त्या कागदावर आमचंही नाव आहे, असं वडील म्हणायचे. यातलं मी तुटक तुटक काहीतरी बोलले, आणि मुलीने त्यातलं किती सांगितलं मला कळलं नाही. मावशीने मान हलवली आणि म्हणाली, "आमच्याही घटनेत लिहिलंय. देशाने त्या संघात जायचं, सरकारने त्यासाठी झटायचं. लिहिलेलं आहे." लिहिलेलं आहे, हे तिने अगदी आमच्या माणसांसारखंच म्हटलं.

रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा मी मुलीला परत ये म्हणाले. ती म्हणाली, "युक्रेनवाल्या पोरी इकडं यायल्यात, आणि मी कुठं जाऊ?" त्या वर्षी युक्रेनची माणसं तिथे आली, आणि सैन्यात जायला नको म्हणून पळालेले रशियनही आले. भाडी चढली. ओळखीच्या कितीतरी विद्यार्थ्यांना घरमालकांनी खोल्या खाली करायला लावल्या. मावशीने आमच्या मुलीला तसं काही म्हटलं नाही.

एका दुपारी दारावर एक रशियन जोडपं उभं राहिलं, कडेवर लहान मुलगी. खोली आहे का, विचारत होते. मावशी त्यांच्याच भाषेत म्हणाली, नाही, आणि दार लावून घेतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. माझी मुलगी अभ्यास सोडून तिच्याजवळ गेली. बऱ्याच वेळाने मावशी उठली, चीज भरलेली गरम रोटी कापडात गुंडाळली आणि म्हणाली, जा, त्या लेकराला देऊन ये. मुलगी धावत खाली गेली, कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. कुणीच नव्हतं. ती रोटी मग त्या दोघींनीच खाल्ली.

पुढच्या वर्षाच्या शेवटी त्यांना संघाने उमेदवार म्हणून मान्यता दिली. म्हणजे आत घेतलं नाही, रांगेत उभं राहायची परवानगी दिली. तरी तिथे रस्त्यावर लोक नाचले. मावशीने नवा झेंडा आणला, जुना उन्हाने फिका पडला होता. आम्हाला फोनवर केक दाखवला. तिचा मुलगा पहिल्यांदाच आमच्याशी बोलला. इंग्रजीत म्हणाला, "आता आई मरायच्या आत होईल." मावशीने त्याला चापट मारली. मी घरी शिरा केला. एखाद्या परक्या देशाला अर्ज भरायची मुभा मिळाली म्हणून परभणीत शिरा करणारी मी एकटीच असेन.

आणि नंतरच्या हिवाळ्यात, निवडणुकीनंतर, त्यांच्या सरकारने जाहीर केलं की संघात जाण्याची बोलणी पुढची काही वर्षं बाजूला ठेवायची. घटनेत लिहिलेलं तसंच लिहिलेलं राहिलं.

त्याच संध्याकाळी माणसं रस्त्यावर उतरली आणि रोज उतरू लागली. मुलगा शाळा सुटली की तिकडेच. मावशीही जायची, दुखऱ्या पाठीला पट्टा बांधून. कॉलेजने परदेशी विद्यार्थ्यांना बजावलं होतं की तिकडे फिरकू नका, नाहीतर व्हिसा जाईल. मुलगी घरात बसून असायची. खिडकी बंद असली तरी डोळे चुरचुरतात, म्हणायची.

"तू खिडकीत उभी राहू नकोस," मी म्हणायचे.

"आई, मावशी रस्त्यावर उभी हाय."

"तिचा देश हाय तो. तू आपली पुस्तकं बघ."

हे मी म्हणाले, आणि बोरीला जाणाऱ्या एसटीत बसून दिवसभर त्याच बाईची काळजी करत राहिले. त्या दिवसांत मी युरोपच्या संघाच्या पुढाऱ्यांची निवेदनं वाचायचे. त्यांना चिंता वाटत होती. ते बारकाईने लक्ष ठेवून होते. मला आमच्या तहसीलची आठवण यायची, तिथेही सगळे लक्ष ठेवून असतात.

एके दिवशी मुलगा घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की पकडून नेलंय. काही दिवस आत ठेवून सोडलं. नाकाचं हाड मोडलेलं होतं. कसं मोडलं ते त्याने आईला सांगितलं नाही. माझ्या मुलीला सांगितलं, कारण पट्टी ती बांधत होती, आणि तिने ते मला सांगितलं नाही.

तो घरी परतला त्याच सुमारास आमच्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक चिडले. बंद पुकारला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली, जमावबंदी लागली आणि वस्त्यांमधून धरपकड सुरू झाली. इंटरनेट बंद केलं. आमच्या गल्लीत दुपारी सगळी दारं लागलेली, फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. मिस्टर म्हणाले, "मी म्हातारा माणूस, मला कोण काय करतंय, दूध घेऊन येतो." मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. म्हणाले, "बिनदुधाचा चहा पिऊ."

इतकी वर्षं मी तिकडच्या बातम्या बघून मुलीला फोन करत होते. आता तिला इकडचं कळलं, आणि व्हिडिओ कॉल लागेना. शेवटी मिस्टरांच्या साध्या फोनवर परदेशातून रिंग आली. मुलगी रडतच होती.

"आई, कुठं हायत तुमी? बाबा घरात हायत का? बाहेर पाठवू नकोस त्यांना."

"घरातच हायत. तू रडू नको."

मग फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. पलीकडे मावशी होती. माझ्या मुलीने तिला कधीतरी शिकवलेले तीन शब्द तिने जमवून जमवून म्हटले, "ताई, बरं हाय ना?"

मी इतिहास शिकवते. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची कारणं असतात, आणि ती क्रमाने सांगता येतात. त्या क्षणी मला "हो" म्हणवेना. ती तिकडून तेच विचारत राहिली, आणि मी इकडे तोंडावर पदर दाबून उभी. मिस्टरांनी फोन घेतला आणि म्हणाले, "बरं हाय. बरं हाय." दोनदा म्हणाले.

नेट सुरू झाल्यावर आम्ही एकमेकींना पाहिलं, तेव्हा दोघीही वाईट दिसत होतो. ती म्हणाली, "तू तर आत होतीस ना?" त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. ज्या देशात सामील झालं की सुरक्षित होतं, त्या देशात मी केव्हाच सामील झालेली होते. मिस्टरांचं अर्धं उत्तर तिला त्या वेळी नीट सांगितलं असतं, तर तिने मला हे विचारलं नसतं.

नव्या वर्षात तिच्या मुलाच्या शाळेने त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण दिलं नाही. तो दोन-तीन महिने घरात बसला, आणि मग पोलंडला गेला. संघातला देश. तिथे एका गोदामात गोठवलेल्या मासळीची खोकी लावतो. जाताना माझ्या मुलीला म्हणाला होता की मी सुटी घेऊन येईन. आला नाही. आईला सांगतो की रजा मिळत नाही. मावशीला वाटतं की त्याला इकडे यायची भीती वाटते, आणि तिला असंही वाटतं की त्याला तिकडे आवडायला लागलंय. दुसरी गोष्ट तिला जास्त लागलेली आहे.

मुलीच्या पदवीदानाला आम्ही जाऊ शकलो नाही. आईबापांच्या रांगेत मावशी बसली, मी पाठवलेली साडी अंगाभोवती कशीतरी गुंडाळून, खाली बूट. फोटोत मुलीपेक्षा तीच जास्त रडलेली दिसते. मुलगी निघाली त्या दिवशी ती विमानतळावर आली नाही. म्हणाली, मी एकदा माणूस मागे ठेवून निघालेय, आता माणसं मला ठेवून निघतात, मला बघायचं नाही.

झेंडा अजून बाल्कनीला आहे. ती अजून आठवड्यातून एकदा रस्त्यावर जाते. गर्दी पातळ झालीय. ती तासभर उभी राहते, पाठ दुखायला लागली की घरी येते. खोली रिकामी आहे, भाड्याने देत नाही.

मुलगी इथे आली. बाहेरून शिकून आलेल्यांना परवान्याची परीक्षा द्यावी लागते, ती दुसऱ्या खेपेला पास झाली. आता इंटर्नशिपच्या जागेसाठी थांबली आहे. ज्यांना ती अमेरिकेत गेली असं वाटलं होतं, तेच आता "बाहेरची डॉक्टर" म्हणून नाक मुरडतात. घरी तपासायला मात्र येतात. ती दुपारी दार लावून घेते आणि आतून घोगरे शब्द ऐकू येतात.

मी एकदा विचारलं, "काय पाठ करायलीस?"

"जर्मन. तिकडं डॉक्टर कमी हायत."

"आणि इथं जास्ती झालेत का? बोरीच्या दवाखान्यात जाऊन बघ, किती रांग हाय."

"रांगेत मी पण हाय ना आई," ती म्हणाली आणि पुस्तकात बघू लागली.

मागच्या रविवारी मावशीला तिने स्वतःच सांगितलं. मावशी जोरात हसायला लागली, इतकी की तिला खोकला आला. काहीतरी म्हणाली. मुलीने ते मला हसतच सांगितलं, "ती म्हणायलीय, तुझं एक लेकरू जर्मनीत, माझं एक पोलंडात. चला, आपली दोन घरं तरी संघात घेतली त्यांनी."

मिस्टरही हसले. मी उठून दुधाखालचा गॅस बंद करायला गेले. दूध अजून तापलेलंही नव्हतं. पलीकडून मावशी "ताई, ताई" करत होती. मी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, "तिला म्हणावं, मी अजून हो म्हटलेलं न्हाई."

ते मुलीने तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. आणि 'जाऊ का' असं मुलीने मला अजून विचारलेलंही नाही.